पाचवी चोपडी

१

दिवे लागले, कॅमेरा सुरू झाला आणि वासंतीताई खांबेट्यांनी डोळे मिटून घेतले. तसाही त्या डोळ्यांचा आता फारसा उपयोग राहिला नव्हता. दोन वर्षांपासून समोरच्या माणसाच्या जागी त्यांना नुसता करडा डाग दिसायचा, आणि अक्षर तर मुळीच लागायचं नाही. पण ऐकायचं ते डोळे मिटून, ही त्यांची जुनी शिस्त होती.

दाराच्या चौकटीला टेकून कौशल्या इंगळे हे सगळं बघत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पण कसबा पेठेत कुठेही काही उघडलं जाणार असेल, मग ते नवं दुकान असो, टेंपोतून उतरलेलं खोकं असो की कुणाचं बिंग, तिथे कौशल्या हजर असणार, हे गल्लीने केव्हाच मान्य केलं होतं. लग्न होऊन ती वाशीमहून पुण्याला आली, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात दोरा ओवायला बसली आणि तिथला मालक धोंडिबा वारल्यावर तोच कारखाना तिने चालवायला घेतला. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिवता शिवता तिला एक खोड जडली होती. कुठलीही गोष्ट आतून कशी शिवली आहे ते बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

आज उघडणार होती ती वस्तू तर अख्ख्या महाराष्ट्राला हवी होती. वासंतीताईंचे यजमान श्रीधर खांबेटे यांची ‘उत्तरेची थैली’ ही कादंबरी पंचेचाळीस वर्षांपूर्वी आली आणि घराघरात वाचली गेली. पेशवाईतली गोष्ट. तांबटाची मुलगी मथुरा आणि पेशव्यांचा जासूद येसाजी यांचं प्रेम जमतं, येसाजी उत्तरेच्या मोहिमेवर जातो आणि मुक्कामामुक्कामाला तिच्यासाठी एका चोपडीत काहीबाही लिहीत राहतो. शेवटी ती चोपडी पुण्याला पोहोचते, येसाजी मात्र पोहोचत नाही. मथुरा रात्रभर चोपडी वाचते, सकाळी बापाच्या भट्टीत टाकते, आणि आत काय लिहिलं होतं ते वाचकाला कधीच कळत नाही. लोकांनी खांबेट्यांना पत्रांवर पत्रं लिहून विचारलं. ते नुसते हसायचे. अकरा वर्षांपूर्वी ते तसेच हसत गेले.

आता त्या कादंबरीची मालिका होत होती, आणि ही खोली त्या मालिकेच्या कसबा पेठेतल्या ऑफिसातली. संवाद लिहिणारी ओवी शेवडे ही मुलगी महिन्यापूर्वी खांबेट्यांची टिपणं आणायला वासंतीताईंकडे गेली, तेव्हा ट्रंकेच्या तळाशी फडक्यात बांधलेली हातकागदाची एक चोपडी निघाली. वर खांबेट्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘येसाजीची शेवटची चोपडी’.

ओवी तिथल्या तिथे वाचायलाच बसणार होती. पण निर्माता आनंद दाभोळे याने फोनवरूनच तिला अडवलं. “कुणीही आधी वाचायची नाही. आजींची पहिली रिअ‍ॅक्शन कॅमेऱ्यावर हवी. प्रोमो असा होईल की बघच.” वासंतीताईंनीही होकार दिला, कारण अकरा वर्षं थांबलेल्या बाईला महिन्याचं काय.

ओवीने गाठ सोडली. फडकं बाजूला केलं. पहिलं पान उलटलं, मग दुसरं, मग भराभर बरीच. कौशल्याला तिचे हात दिसत होते. ते पुन्हा पहिल्या पानाकडे गेले.

“वाच ना गं,” वासंतीताई मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. “की तुझेही डोळे गेले?”

“आजी,” ओवी म्हणाली, “ही कोरी आहे.”

२

पुढच्या पाच मिनिटांत खोलीत एवढा आरडाओरडा झाला की खालच्या भांडीवाल्याने गिऱ्हाईक सोडून वर डोकावून पाहिलं. आनंदने कोरी चोपडी ओवीच्या हातातून हिसकावून स्वतःच्या बॅगेत घातली. “पुरावा आहे हा,” तो म्हणाला. “महिनाभर चोपडी इथल्या कपाटात होती आणि त्याची किल्ली एकटीकडे होती. कुणाकडे ते सगळ्यांना माहितीये.”

ओवीने गळ्यातल्या दोऱ्याला बांधलेली किल्ली मुठीत धरली आणि ती रडायला लागली.

“दाभोळे,” वासंतीताई म्हणाल्या, “आपल्याला ओरडायची हौस असेल तर खाली रस्ता मोकळा आहे. तिथे ऐकायलाही माणसं मिळतील.” मग त्यांनी अंदाजाने दाराकडे तोंड केलं. “कौशल्या आहे ना तिथे? असणारच. इकडे ये.”

कौशल्या जवळ गेली. वासंतीताईंनी तिचा हात चाचपत धरला. त्यांचा हात गार पडला होता.

“यांची मालिका गेली खड्ड्यात,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “दुसरी प्रत नाही गं तिची. जन्मभर त्यांचं प्रत्येक पान मी पहिलं वाचलं. हे एकच त्यांनी मला दाखवलं नाही, आणि सापडलं तेव्हा माझे डोळे नव्हते. मला मरायच्या आधी ते ऐकायचंय. एवढंच. तुला शोधता येईल?”

कौशल्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “बघते,” ती म्हणाली.

शोधायला सुरुवात कुठून करायची हे तिला लगेच समजलं, कारण प्रकरण तिच्या धंद्यातलं होतं. मालिकेत मथुरा चोपडी भट्टीत टाकते त्या प्रसंगासाठी तशाच दिसणाऱ्या नकली चोपड्या लागणार होत्या. एका फटक्यात मनासारखं जळलं नाही तर पुन्हा जाळायला हव्यात. सेटिंगवाले त्यांना डमी म्हणतात. कला-दिग्दर्शक रंगनाथ पांचाळ याने मूळ चोपडीचं माप दिलं आणि कौशल्याने तशाच चोपड्या बांधून दिल्या. तोच हातकागद, तोच तांबडा दोरा. रंगनाथने त्यांना चहाचं पाणी देऊन जुनं रूप आणलं, वर खांबेट्यांसारखं अक्षर काढलं. आतली पानं कोरी. अशा चोपड्या तिने बांधल्या होत्या मोजून चार.

“मग फडक्यात निघाली ती त्यातलीच एक,” आनंद म्हणाला. “चला, पेटीत तीन उरल्या असतील.”

सगळे खालच्या खोलीत गेले. रंगनाथने पेटीचं झाकण उघडलं. आत सुतळीने बांधलेला गठ्ठा होता.

“मोजा,” तो म्हणाला. “पण सुतळी सोडू नका, कंटिन्युइटीला, आधीच्या शॉटशी जुळायला, असाच बांधलेला लागतो.”

कौशल्याने कडांवरून बोट फिरवत मोजलं. मग परत मोजलं.

चोपड्या चार होत्या. एकही कमी नव्हती.

३

“म्हणजे तू दुसरीकडून बनवून घेतलीस,” आनंदने ओवीला सुनावलं. “संध्याकाळपर्यंत आणून दे. नाहीतर मला पोलिसांत जावं लागेल, आणि या इंडस्ट्रीत पुन्हा पेन धरू नकोस.”

कौशल्याने ओवीला आपल्या कारखान्यात नेलं, कागदाच्या थप्पीवर बसवलं आणि पुढ्यात चहा ठेवला.

“रडून झालं की सांग. काल चोपडी कुणाकुणाच्या हातात होती?”

“माझ्याच कपाटात होती, मावशी. चार वाजता रंगनाथदादांनी मागितली. क्लोजअपला पत्रं लिहिताना खांबेट्यांचं अक्षर हुबेहूब हवं ना, म्हणून पहिलं पान बघून सराव करायचा होता. आनंदसरांनीच सांगितलं होतं, फक्त पहिलं पान. पाचला त्यांनी परत दिली, फडक्यात बांधून. मी कपाटात ठेवली.”

“उघडून बघितलीस?”

“नाही. आजींना शब्द दिला होता. उघडली असती तर मला राहवलं नसतं, वाचलीच असती.” ओवीने नाक पुसलं. “सहाला शौनक आला होता, आजींचा पुतण्या. फोटो काढू दे म्हणाला. मी नाही म्हटलं. तो चिडून गेला.”

शौनक खांबेटे सापडायला वेळ लागला नाही. तो समोरच्याच अमृततुल्यात चहा पुढ्यात ठेवून मोबाइलवर बोट घासत बसला होता. कौशल्या त्याच्या समोरच्या बाकावर बसली तसा तो वैतागला.

“मावशी, प्लीज. मला त्या चॅप्टरसकट नवी एडिशन काढायची आहे. पब्लिशर तयार आहे. चोपडी मिळाली तरच माझं काम होणार ना? हरवून मला काय मिळणार?”

“मग चिडलास कशाला?”

“फोटो काढून ठेवला असता तर आज ही वेळ आली नसती, म्हणून,” शौनक म्हणाला.

उठता उठता त्याने आणखी एक पिल्लू सोडून दिलं. “आनंदला विचारा ना. चॅनलला शेवटी लग्न हवंय. येसाजी जिवंत परत येणार, सनई वाजणार. आणि काकांनी तर चोपडीत त्याला मारून टाकला असेल! चोपडी गायब झाली की आनंद मोकळा.”

ही गोष्ट विचार करण्याजोगी होती. गल्लीतून परत येताना कौशल्या स्वतःशीच पुटपुटत होती. आनंदला चोपडी नको असणं शक्य होतं. पण प्रोमोचा घाट त्यानेच घातला होता, भाड्याने दोन कॅमेरे आणले होते. नको असलेली वस्तू कुणी एवढी वाजतगाजत उघडायला लावतो का? आणि फडक्यातली कोरी चोपडी कुणाची? पुण्यात तांबड्या दोऱ्याची अशी जुनी शिलाई करणारं तिच्या माहितीत दुसरं कुणी राहिलं नव्हतं. तिला आपल्याच धंद्यात कुणीतरी मामा बनवल्यासारखं वाटलं, आणि ते तिला फार लागलं.

४

रंगनाथ पांचाळ पेटीच्या त्या खालच्या खोलीत गोण्यांची यादी करत होता. उद्या धान्यबाजाराचा प्रसंग होता आणि त्याला मार्केट यार्डातून जुन्या, ठिगळं लावलेल्या गोण्या हव्या होत्या. चाळिशी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. त्याने केलेल्या नाण्यांना आणि पत्रांना भले भले फसायचे, पण सेटवरची टाचणीसुद्धा तो कधी घरी नेत नसे, अशी त्याची ख्याती होती.

“काल तासभर चोपडी तुमच्याकडे होती,” कौशल्या म्हणाली.

“होती. सराव केला. परत दिली.”

“सरावाचे कागद बघू?”

त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे दोरीवर चिमट्यांनी कागद लटकवले होते. अक्षर खरंच खांबेट्यांचं वाटत होतं. तिने त्यांच्या कितीतरी वह्या हाताळल्या होत्या. पहिल्या कागदावर लिहिलं होतं, ‘मथुरे, बऱ्हाणपूर मागे टाकून आज चौथा दिवस. घोडा दमला आहे, मी दमलो नाही. तुला सांगायचे ते अजून’

वाक्य तिथेच तुटलं होतं. पानाचा शेवट असणार, असं म्हणून तिने दुसरा कागद पाहिला. त्यावरही तेच. तिसऱ्यावरही. सगळ्या अकरा कागदांवर तेवढंच, शब्दाला शब्द.

“पुढचं नाही लिहिलंत?”

“पहिल्या पानाचीच परवानगी होती. तेवढंच लागतं.”

“पण याच्यात कितीतरी अक्षरं आलीच नाहीत. ‘श’ नाही, ‘ज्ञ’ नाही. मागे शिलालेखाच्या वेळी तुम्हीच मला म्हणाला होतात, हात बसायला सगळी अक्षरं यावी लागतात म्हणून.”

रंगनाथने यादीवरून मान वर केली नाही. “वेळ कमी होता, कौशल्याताई.”

तासाभरात अकरा कागद लिहिणारा माणूस वेळ कमी म्हणत होता. रंगनाथ उठला, पेटीचं झाकण दाबून पाहिलं, दोन पावलं गेला आणि परत येऊन पुन्हा दाबून पाहिलं. दारात त्याने कॅमेरावाल्याला थांबवलं. “भट्टीचा सीन उद्याच ना?”

“उद्याच. सकाळी अकरा.”

“नक्की?”

“अहो दादा, कागदावर आहे ना.”

मग तो गेला. रस्त्यावर त्याची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. कौशल्या त्या अकरा कागदांसमोर कितीतरी वेळ उभी होती. एखादा माणूस एकच ओळ अकरा वेळा कधी लिहितो? हात लिहीत असतो आणि मन दुसरीकडेच गुंतलेलं असतं, तेव्हा.

५

तीन वाजायला आले होते. आनंद ऑफिसात एकटाच डबा खात होता. कौशल्याने सरळ त्याच्यासमोर हात पुढे केला.

“ती कोरी चोपडी एकदा माझ्या हातात द्या.”

“मावशी, पुरावा आहे तो.”

“सकाळपासून सगळ्यांनी तो लांबून बघितला. बांधणारीने बघितला नाही. हात धुऊन आलेय.”

आनंदने कुरकुरत बॅग उघडली. कौशल्याने चोपडी घेतली, पण पानं उलटली नाहीत. तिने ती मधोमध उघडली, डोळे मिटले आणि शिवणीच्या आत बोट घातलं. दोरा संपतो तिथे गाठ असते, पानांच्या घडीत दडलेली. वाचणाऱ्याला ती दिसत नाही, आणि नकला करणाऱ्याला ती करावी हे सुचतही नाही.

कौशल्या डावखुरी होती. धोंडिबाने तिला शिकवलं उजव्या हाताने, पण गाठ मारायची वेळ आली की तिचा डावा हात पुढे यायचाच, त्यामुळे तिच्या गाठीचा पीळ उलटा बसायचा. धोंडिबा त्यावरून तिला मरेपर्यंत चिडवायचा. बोटाखाली होती ती गाठ उलट्या पिळाची होती.

“अरे बाप्पा,” ती म्हणाली. “ही माझी आहे.”

“काय?”

“ही चोपडी मी बांधलीय. माझ्या चारातली एक.”

“पण चारही खाली पेटीत आहेत! तुम्हीच मोजल्यात!”

“मी चार बांधल्या. एक इथे आहे. मग पेटीत किती हव्यात, आनंदराव?”

“तीन.”

“आणि आहेत चार. मी सुतळी न सोडता कडा मोजल्या, मूर्खासारख्या.” कौशल्याने चोपडी टेबलावर ठेवली. “पेटीतली चौथी माझी नाही. ती खांबेट्यांची आहे. सकाळी आपण सगळे तिच्याभोवती उभे राहून तिलाच शोधत होतो.”

आनंदचा घास हातातच राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

“आता काय झालं?”

“पेटी खाली नाहीये,” तो म्हणाला. “सेटवर गेली. मथुरा करणाऱ्या नम्रताला उद्या मुंबईला जायचंय, म्हणून भट्टीचा सीन आज घेतलाय. दुपारीच ग्रुपवर टाकलं मी.”

रंगनाथ तेव्हा मार्केट यार्डाच्या कोलाहलात गोण्या उपसत असणार, ग्रुप बघायला त्याला फुरसत नसणार. आनंदने सेटवर फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

“उचलत का नाहीत?”

“टेक सुरू झाला की सगळ्यांचे फोन बंद,” आनंद म्हणाला. “माझाच नियम आहे.”

६

सेट दोन गल्ल्या पलीकडे होता, बंद पडलेल्या तांब्याच्या कारखान्याच्या शेडमध्ये. त्रेसष्ट वर्षांची कौशल्या इंगळे भर बाजारातून पदर खोचून पळाली, आणि तिच्या मागे खरकट्या हाताने निर्माता. हे दृश्य कसबा पेठेत पुढे बरेच दिवस पुरलं. गणपतीच्या देवळाच्या कोपऱ्यावर एक हातगाडी आडवी आली, तिला वळसा घालताना तिची एक चप्पल निसटली. ती घ्यायला ती थांबली नाही.

शेडच्या दारात कागद जळाल्याचा वास आला.

आत भट्टी रसरसली होती. नऊवारीतली नम्रता भट्टीसमोर उभी होती, डोळ्यांत पाणी, छातीशी चोपडी. आणि भट्टीत निखाऱ्यांवर एक चोपडी आधीच जळून काळी झाली होती.

“थांबा!” कौशल्या ओरडली.

“कट! कोण आहे ते?” दिग्दर्शक खवळला. पण मागून आनंद आला आणि गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकायला लागला, तेव्हा तो गप्प बसला.

“किती जाळल्या?”

“एक. राख नीट उडाली नाही म्हणून रिटेक.”

कौशल्याने नम्रताच्या हातातली चोपडी काढून घेतली. पेटीतल्या दोन घेतल्या. तिघींना मांडीवर ठेवून ती तिथेच जमिनीवर बसली. पानं उलटून बघायचं धाडस तिला होईना. वासंतीताईंचा तो गार हात तिला आठवत होता. चारातली एक गेली होती, आणि ती कुणाची हे राखेला विचारता येत नव्हतं.

तिने नम्रताच्या हातातलीच आधी उघडली. बोट शिवणीत गेलं. उलटा पीळ. तिची.

दुसरी. उलटा पीळ. तिचीच.

तिसऱ्या चोपडीच्या शिवणीत बोट घालताना कौशल्याने मनातल्या मनात धोंडिबाचं नाव घेतलं. खांबेट्यांच्या वह्या तोच बांधायचा. तेव्हा ती नुसती दोरा ओवून द्यायची.

पीळ सुलटा होता. घट्ट, उजव्या हाताचा, जरा जास्तच नेटका.

“सापडली,” ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. तिने केलेली वस्तू भट्टीत जळाली याचा एवढा आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता.

७

गोण्यांचा टेंपो आला तेव्हा सगळे ऑफिसात जमले होते. शौनकने वासंतीताईंना पुन्हा आणून खुर्चीत बसवलं होतं. रंगनाथला दारातच कुणीतरी भट्टीचं सांगितलं असावं. तो हातातली यादी न ठेवताच आत आला. वासंतीताईंच्या मांडीवर चोपडी पाहिली आणि तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

“मी सांगते, तुम्ही मान हलवा,” कौशल्या म्हणाली. “पहिल्या पानाची परवानगी होती. पण वाक्य अर्ध्यावर तुटलं होतं. अक्षर गिरवणाऱ्या माणसाला तुटलेलं वाक्य सोडवेना, म्हणून तुम्ही पान उलटलंत. आणि जे वाचलंत त्यानंतर तुमच्याच्याने पुढे काही गिरवणं झालं नाही. नुसती पहिलीच ओळ लिहीत बसलात.”

रंगनाथने मान हलवली.

“मग फडक्यात माझी डमी बांधून ओवीला दिलीत आणि खरी उरलेल्या तिघींत ठेवलीत. चाराच्या चार दिसल्या की पेटीवर कुणाचा संशय येणार नाही. पण घरीच का नाही नेलीत?”

“घरी नेली असती तर ती चोरी झाली असती,” रंगनाथ म्हणाला. “आज संध्याकाळी बाईंच्या घरी जाऊन हातात देणार होतो आणि सगळं कबूल करणार होतो. ओवीवर येईल असं नव्हतं वाटलं. आल्यावर तर तोंडच उघडेना. सीन उद्या होता हो! मी दोनदा विचारून गेलो होतो.”

“पण का?” ओवीने विचारलं. “काय आहे त्यात?”

रंगनाथने वासंतीताईंकडे पाहिलं. “दोन पानं येसाजीची आहेत. तिसऱ्या पानावर मथुरेचं नाव खोडलंय आणि वर बाईंचं लिहिलंय. तिथून पुढे येसाजीही नाही आणि पेशवेही नाहीत. ते पत्र आहे, बाई. नवऱ्याने बायकोला लिहिलेलं. आणि तुम्ही ते पहिल्यांदा ऐकणार, ते दोन कॅमेरे तोंडावर रोखलेले असताना. मला ते बघवलं नसतं.”

वासंतीताईंची बोटं चोपडीच्या कडेवरून फिरत राहिली.

अशा वेळीही आनंदमधला निर्माता जागा झालाच. “आजी, माझं काही नाही, पण... हे तर सोनं आहे. खरी लव्ह स्टोरी. लाइट्स अजून वरच आहेत, फक्त दहा मिनिटं...”

“दाभोळे,” वासंतीताई म्हणाल्या, “आपल्या घरी आपली पत्नी आहे ना? तिला एखादं पत्र लिहा. मग दहा मिनिटं काय, दहा एपिसोड करा त्याचे. आधी या पोरीची माफी मागा.”

आनंदने मागितली. ओवीचं नाव मालिकेवर राहणार, शेवटही कादंबरीतला राहणार, सनई वाजणार नाही, हेही वासंतीताईंनी त्याच बैठकीत वदवून घेतलं. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

“रंगनाथ, तुम्ही थांबा. तुम्हीच वाचा. जेवढ्यांनी वाचलंय तेवढेच पुरेत.”

सगळे बाहेर पडले. कौशल्या शेवटी निघाली. दार ओढून घेताना तिचा हात कडीवर अडखळला. दार जुनं होतं, फटीतून सगळं ऐकू आलं असतं, आणि अख्ख्या महाराष्ट्राने जे पंचेचाळीस वर्षं विचारलं ते तिला चार हातांवर बसून समजलं असतं. उभ्या जन्मात तिने असा दरवाजा सोडला नव्हता. तिने दार घट्ट लावलं आणि एका पायातल्या चपलेवर जिना उतरली.

रस्त्यावर आल्यावर वरून एकच आवाज ऐकू आला. वासंतीताई हसत होत्या. ऐंशीला टेकलेली बाई सोळा वर्षांच्या मुलीसारखी, तोंडावर हात दाबून हसत होती.

आठवड्याने वासंतीताई शौनकचा हात धरून कारखान्यात आल्या. चोपडी रोज उघडून तिचा दोरा ढिला झाला होता. रोज संध्याकाळी रंगनाथ येऊन एक पान वाचून जात होता म्हणे.

“नवी शिलाई घाल,” त्या म्हणाल्या. “उद्या येईन न्यायला. वाचलीस तरी मला दिसणार नाही, हे तुला माहीत आहे.”

“माहीत आहे,” कौशल्या म्हणाली.

दुपारी कारखान्यात कुणी नव्हतं. तिने चोपडी समोर घेतली, दाभणात तांबडा दोरा ओवला आणि दाराकडे एकदा पाहिलं. मग पदर काढून डोळ्यांवरून घट्ट बांधला आणि बोटांनी भोकं चाचपत पहिल्या घडीपासून शिवायला बसली. दुप्पट वेळ लागला. शेवटी गाठ मारताना डावा हात सवयीने पुढे आला, पण तिने तो मागे घेतला आणि धोंडिबाने शिकवली होती तशी, उजव्या हाताने, सुलट्या पिळाची गाठ मारली.